सर्व्हेइंग शिकताय? आधी बबल सेंटरला आणा, बाकीचं नंतर

दरवर्षी जून-जुलै आला की ओळखीतल्या कोणाच्या तरी आईचा फोन येतो, अगं तू ते सर्व्हेचं शिकलीस ना, आमची ही पण तेच म्हणतेय, पण ते घरोघरी जाऊन फॉर्म भरायचं काम ना गं? नाही हो काकू, ते जनगणनावाले. आमचं काम म्हणजे रस्त्याच्या कडेला तिवईवर पिवळं मशीन लावून एक डोळा मिटून बघणारे असतात ना, ते. मग काकू म्हणतात, अय्या, उन्हात? हो, उन्हातच. आणि मग त्या मुलीलाच फोन द्यायला सांगते आणि अर्धा-पाऊण तास बोलते. तेच बोलणं इथे एकदाचं लिहून टाकतेय म्हणजे पुढच्या वेळी नुसतं पाठवता येईल.

पहिला प्रश्न, जायचं कसं. मुंबईत बहुतेक जण सिव्हिलमधूनच या लाइनीत येतात, डिप्लोमा किंवा बीई करायची, दुसऱ्या वर्षात सर्व्हेइंग येतं, तिथे आवडलं तर पुढे एमटेकला जिओमॅटिक्स किंवा जिओइन्फॉर्मेटिक्स, म्हणजे मोजणी आणि नकाशांचंच शास्त्र, घ्यायचं. पवईच्या आयआयटीत सीएसआरई नावाचं सेंटर आहे तिथे एमटेक होतं, रुरकीच्या आयआयटीत जिओमॅटिक्स आहे, दोन्हीकडे गेट ही प्रवेश परीक्षा लागते आणि २०२२ पासून गेटमध्ये जिओमॅटिक्स इंजिनियरिंगचा वेगळा पेपरच आलाय, त्यामुळे आता सिव्हिलचा पेपर देऊन स्टील-काँक्रीट घोकायची सक्ती राहिली नाही. भूगोलवाल्यांसाठी दुसरा रस्ता, बीए किंवा बीएससी जॉग्रफी आणि मग एमएससी जिओइन्फॉर्मेटिक्स, पुण्यात सिंबायोसिसमध्ये करता येतं. बारावीनंतर थेट बीई करायची असेल तर चेन्नईला अण्णा युनिव्हर्सिटीत गिंडीला जिओइन्फॉर्मेटिक्स आहे, आणि ते कॉलेज १७९४ मध्ये सुरूच झालं होतं मुळी सर्व्हे शिकवायची शाळा म्हणून. आणि डिग्रीचं टेन्शन नको असेल तर आयटीआयचा सर्व्हेअर ट्रेड दोन वर्षांचा असतो, त्याला कमी लेखू नका, आमच्या साइटवर लेव्हल (उंचीतला फरक मोजायचं दुर्बिणीचं मशीन) लावण्यात सगळ्यात फास्ट माणूस आयटीआयवालाच आहे आणि एमटेकवाली मी त्याच्या निम्म्या स्पीडने लावते.

आता अभ्यास. यात मॅथ्स किती लागतं हा सगळ्यांचा दुसरा प्रश्न. सुरुवातीला ट्रिगोनोमेट्री, तीही दहावी-अकरावीचीच, पण ती हातात बसलेली पाहिजे. सायन कुठे, कॉस कुठे, बेअरिंग, म्हणजे रेषेची दिशा, उत्तरेपासून मोजतात म्हणून गणितातल्या सवयीच्या एक्स-वायची अदलाबदल होते, हे पहिल्या महिन्यात डोक्यात गेलं नाही तर शेवटच्या वर्षापर्यंत नॉर्थिंगच्या (उत्तरेकडच्या अंतराच्या) जागी ईस्टिंग (पूर्वेकडचं) टाकत बसाल. कॅल्क्युलेटर कॅसिओचा ९९१ घ्या, आणि त्यातली अंश-मिनिट-सेकंदवाली कळ आणि पोल, रेक ही दोन फंक्शन्स शिकून घ्या. दोन पॉइंटचे कोऑर्डिनेट दिले तर अंतर आणि बेअरिंग पोलने एका झटक्यात येतं, माझ्या वर्गातली पोरं चार वर्षं टॅन इन्व्हर्स काढून मग क्वाड्रंट कुठला याच्यावर भांडत होती. बेअरिंग मायनसमध्ये आलं की ३६० मिळवायचे, बास.

पुढे लीस्ट स्क्वेअर्स ॲडजस्टमेंट, म्हणजे मोजमापातली चूक वाटून टाकायची रीत, येतं, मॅट्रिक्स येतात, तेव्हा सगळ्यांची तंतरते. खरं सांगू का, मलाही ते पुस्तकातून कधीच कळलं नाही. एका त्रिकोणाचे तीन कोन मोजले, बेरीज १८० अंश ० मिनिटं १२ सेकंद आली, मग प्रत्येकातून ४ सेकंद काढले, हेच लीस्ट स्क्वेअर्स आहे हे जेव्हा कळलं तेव्हा डोक्यात उजेड पडला, बाकी मॅट्रिक्स म्हणजे हेच काम शंभर कोनांसाठी करायची सोय. लहान उदाहरण हाताने सोडवा आणि मग पायथनमध्ये करा, ओळी दहा-बाराच लागतात.

फिल्डवर येऊया कारण डिग्री मिळते वर्गात पण विषय येतो तो फिल्डवरच.

प्रॅक्टिकलला काय होतं, दहा-बारा जणांची बॅच आणि मशीन एक. दोन पोरं मशीनला चिकटतात, एक स्टाफ, म्हणजे आकडे लिहिलेली उंच पट्टी, धरतो, आणि पोरींच्या हातात फिल्डबुक दिलं जातं, तुझं अक्षर चांगलं आहे ना. अक्षर चांगलं आहे म्हणून मी पूर्ण एक सेमिस्टर मशीनला डोळा लावला नव्हता, आणि व्हायवाला सर म्हणाले जरा लेव्हल सेट करून दाखव, तर माझे मशीनखालचे तिन्ही फूट स्क्रू एकाच दिशेला फिरत होते. तेव्हा पोरींनो आणि मागे उभं राहणाऱ्या पोरांनो पण, पहिल्या दिवशीच बॅचमध्ये ठरवून घ्या की दर सेटअपला माणूस बदलेल. लॅब असिस्टंटशी ओळख करून ठेवा, ते बिचारे दुपारी साडेतीनला मोकळे असतात, नीट विचारलं तर मशीन काढून देतात, तासभर नुसतं लावायचं, उचलायचं, परत लावायचं. तिवई जमिनीत घट्ट रोवायची, डोकं नजरेनेच साधारण सपाट करायचं, मग दोन स्क्रू एकदम आत किंवा एकदम बाहेर, बबल, म्हणजे मशीन सपाट आहे का ते दाखवणारा काचेतला बुडबुडा, डाव्या अंगठ्याच्या दिशेने पळतो हे लक्षात ठेवायचं, आणि शेवटी तिसरा स्क्रू. पहिल्यांदा दहा मिनिटं लागतील. दोन मिनिटांत यायला लागलं की तुम्ही बॅचमधल्या अर्ध्या लोकांच्या पुढे गेलात.

लेव्हलिंग मला सगळ्यात आवडतं कारण त्यात लपायला जागा नाही. हिशोब सोपा असतो, समजा कॉलेजच्या पायरीवर टीबीएम (उंची माहीत असलेली तात्पुरती खूण) आहे २८.५०० मीटर, त्याच्यावर स्टाफ धरून बॅकसाइट वाचली १.२३५, म्हणजे मशीनची नजर २९.७३५ वर आहे, आता पार्किंगच्या कोपऱ्यात स्टाफ धरला आणि १.८४० वाचलं, ही फोरसाइट, तर तो कोपरा २७.८९५. एवढंच आहे. आणि हे २७-२८ चे आकडे मी उगाच नाही घेतले, मुंबईत पालिकेच्या ड्रॉइंगवर लेव्हल लिहिलेली असते ती टीएचडीमध्ये, म्हणजे टाउन हॉल डेटम, डेटम म्हणजे उंची जिथून मोजतात ते शून्य. बिल्डिंगच्या आयओडीत, म्हणजे पालिकेच्या बांधकाम-मंजुरीच्या कागदात, अट दिसते की सखल प्लॉट निदान २७.५५ मीटर टीएचडीपर्यंत किंवा शेजारच्या रस्त्यापेक्षा ०.१५ मीटर वर, यातलं जे जास्त असेल तिथपर्यंत भरा. नवीन माणूस हे वाचून चाट पडतो, अहो दादर काय समुद्रसपाटीपासून सत्तावीस मीटर उंच आहे का? नाहीये, शून्यच वेगळ्या ठिकाणी धरलंय. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावर उंची समुद्रसपाटीपासून, पालिकेची टीएचडीपासून, बंदरवाल्यांची चार्ट डेटमपासून, आणि एकाच प्लॉटच्या फाइलमध्ये हे तिन्ही कागद एकत्र येऊ शकतात. तेव्हा आकडा लिहिताना त्याच्यापुढे डेटम लिहायची सवय कॉलेजपासूनच लावून घ्या.

बॅकसाइट आणि फोरसाइटची अंतरं साधारण सारखी ठेवा, पावलं मोजून ठेवलीत तरी चालेल. मशीनची नजर थोडी वर-खाली असेल तर दोन्हीकडे सारखीच चूक होते आणि वजाबाकीत उडून जाते, पृथ्वीच्या गोलाईची पण तशीच. गोलाई आणि वक्रीभवन मिळून करेक्शन ०.०६७३ गुणिले अंतराचा वर्ग, अंतर किलोमीटरमध्ये, म्हणजे १०० मीटरला एक मिलीमीटरपण नाही पण एका किलोमीटरला पावणेसात सेंटिमीटर. हा फॉर्म्युला पेपरात हमखास येतो. फिल्डवर नजर ५०-६० मीटरच्या पुढे नेऊच नका, मे महिन्यात डांबरी रस्त्यावरून हवा अशी नाचते की स्टाफवरचे आकडे पाण्यात पडल्यासारखे दिसतात, त्यामुळे खालचं अर्धा मीटर वाचायचं टाळा.

आता माझी फजिती सांगते, कारण ही गोष्ट मी प्रत्येक ज्युनियरला सांगते. सेकंड इयरला आम्हाला कॅम्पसभोवती लेव्हलचा राउंड मारायचा होता, अकरा सेटअप, सुरुवात आणि शेवट एकाच टीबीएमवर. शेवटी आकडा आला तो १.००४ मीटर जास्त. संध्याकाळचे साडेपाच वाजलेले, सगळ्यांना ५.५२ ची फास्ट पकडायची होती, एक शहाणा म्हणाला एक मीटरच आहे ना, कुठल्यातरी फोरसाइटमध्ये घाल. घातला. १.३४५ चं २.३४५ केलं, एकाचा दोन करून वरून गिरवलं, आणि एरर आली ४ मिलीमीटर, एकदम झकास.

सरांनी बुक बघितलं, पाच सेकंद. म्हणाले, वरची हेअर (दुर्बिणीतली आडवी रेघ) १.४६२, खालची १.२२८, यांची सरासरी काय? १.३४५. मग मधली २.३४५ कशी? आमच्या तोंडातून शब्द नाही. आम्ही स्टेडियाच्या तिन्ही रेषा वाचून लिहिल्या होत्या, आणि खोटं करताना फक्त मधली बदलली होती. सर ओरडले नाहीत, ते त्याहून वाईट. पान उलटलं आणि चौथ्या सेटअपच्या बॅकसाइटवर बोट ठेवलं, वरची १.०८१, खालची ०.८४३, मधली लिहिली होती १.९६२. सरासरी ०.९६२ येते. खरी चूक तिथे होती, आमच्याच वहीत, तिथल्या तिथे दोन मिनिटांत सापडली असती आणि ५.५२ पण मिळाली असती. अख्खा राउंड परत मारायला लावला, दुसऱ्या दिवशी, पावसात.

तेव्हापासून माझी पद्धत अशी. तिन्ही हेअर वाचायच्या आणि स्टाफवाला हलायच्या आत सरासरी करून बघायची, दोन मिलीमीटरच्या पुढे गेली तर परत वाचायचं. वरच्या-खालच्याचा फरक गुणिले शंभर केलं की अंतरही फुकटात मिळतं. राउंड संपला की तिथेच उभं राहून बॅकसाइटची बेरीज वजा फोरसाइटची बेरीज, ती शेवटचा आरएल (खुणेची काढलेली उंची) वजा पहिल्या आरएलएवढी आलीच पाहिजे, नाही आली तर बेरीज-वजाबाकी चुकलीय, मशीनचा दोष नाही. हे जुळलं आणि तरीही टीबीएमवर बंद होत नाही, तर चुकीचा आकार बघा. गोल आकडा, म्हणजे एक मीटर किंवा दहा सेंटिमीटर असेल तर कोणीतरी वाचताना किंवा लिहिताना घोळ घातलाय. सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा विचित्र आकडा असेल तर टेलिस्कोपिक स्टाफचं बटण बघा, वरचा तुकडा टक आवाज करून बसला नसेल तर तो हळूहळू खाली सरकतो आणि धरणाऱ्याला कळतही नाही. आणि दर सेटअपला थोडी थोडी वाढत जाणारी चूक असेल तर अंतरं सारखी ठेवली नव्हती. पुस्तकात साध्या कामाला २४ गुणिले रूट के मिलीमीटर चालतात, के म्हणजे किलोमीटर. अर्ध्या किलोमीटरच्या राउंडला १७ मिलीमीटर झाले की, कॉलेजच्या कामाला तेवढं भरपूर आहे, त्यामुळे ७-८ मिलीमीटर आले तर तसेच लिहा. मिलीमीटरला बंद झालेलं स्टुडंटचं बुक बघितलं की कुठल्याही मास्तरांना पहिला संशयच येतो.

ट्रॅव्हर्सला, म्हणजे एकापुढे एक खुणा (स्टेशन) जोडत कोन आणि अंतरं मोजत जायच्या कामालाही हेच लागू. पाच स्टेशन असतील तर आतल्या कोनांची बेरीज ५४० अंश, २० सेकंदवाल्या थिओडोलाइटवर (कोन मोजायचं मशीन) ४०-४५ सेकंदांचा फरक माफ, मग लॅटिट्यूड-डिपार्चर (रेषेचे उत्तर आणि पूर्व दिशेतले भाग) काढायचे आणि चूक बोडिचच्या नियमाने वाटायची, लांब रेषेला जास्त चूक आणि आखूडला कमी. पण गंमत अशी की पोरं कोन वाचायला जीव तोडतात आणि सेंटरिंगकडे, म्हणजे मशीन बरोब्बर खुणेवर आणण्याकडे, बघतच नाहीत. २० सेकंदांची चूक १०० मीटरवर जेमतेम एक सेंटिमीटर. उलट मशीन पॉइंटवरून ५ मिलीमीटर बाजूला लागलं आणि समोरचा पॉइंट गल्लीतच २० मीटरवर असला तर कोनात ५० सेकंदांच्या वर घोळ. आणि मुंबईत गल्ल्याच आहेत. चाळीच्या बोळात, दोन टॉवरच्या मध्ये, फेरीवाल्यांच्या छत्र्यांखालून नजर काढायची म्हणजे लेग आखूडच होणार, तेव्हा प्लंब (ओळंबा) आधी आणि कोन मग.

टेपचं चॅप्टर लोक ऑप्शनला टाकतात, सॅग (झोळ) करेक्शन, टेम्परेचर करेक्शन वगैरे, टोटल स्टेशनच्या (कोन आणि अंतर दोन्ही मोजणारं इलेक्ट्रॉनिक मशीन) जमान्यात कशाला म्हणून. टाकू नका, हमखास मार्क आहेत. स्टीलची ३० मीटरची टेप १५ अंशांनी तापली की साधारण ५ मिलीमीटर लांबते, एवढं एक गणित हाताने केलंत की चॅप्टर संपला. १८०२ मध्ये मद्रासला लॅम्बटन या ब्रिटिश अधिकाऱ्याने देशाच्या मोठ्या त्रिकोणमितीय सर्व्हेची पहिली बेसलाइन मोजली ती साखळीनेच, आणि साखळी उन्हात तापू नये, तापली तर किती तापली ते कळावं म्हणून काय खटाटोप केला होता ते वाचा कधीतरी, मग करेक्शनचा कंटाळा येणार नाही. साखळीवरून आठवलं, गावाकडच्या जमिनीचा गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट हा विचित्र आकडा कुठून आला हे मला डिग्री होईपर्यंत माहीत नव्हतं. आपल्याकडची मोजणीची साखळी ३३ फुटांची, ३३ गुणिले ३३. असे ४० गुंठे म्हणजे एकर. सातबारा, गट नकाशा, टिपण, फाळणी हे शब्द सिलॅबसमध्ये नीट येत नाहीत पण नोकरीत पहिल्या महिन्यात येतात, तेव्हा आजोबांचा सातबारा आणि गावचा गट नकाशा काढून एकदा वाचाच. मुंबईत त्याच्या जागी प्रॉपर्टी कार्ड, आणि शहरात सीएस नंबर, उपनगरात सीटीएस नंबर.

आता तो भाग जिथे एमटेकपर्यंत पोचलेली माणसंही आपटतात, कोऑर्डिनेट सिस्टम.

एक प्रयोग करा. मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसा आणि चांगला जीएनएसएस (जीपीएससारख्या उपग्रहांवरून जागा सांगणारा) रिसिव्हर लावा, मोबाइल नको, कारण बरेच फोन स्वतःच सुधारून दाखवतात. उंची दिसेल मायनसमध्ये, मायनस पन्नासच्याही खाली. समुद्र समोर, तुम्ही समुद्राच्या वर, आणि मशीन म्हणतंय की तुम्ही पंधरा-वीस मजले खाली आहात. मशीन बरोबर आहे. ते उंची मोजतं इलिप्सॉइडपासून, म्हणजे पृथ्वीच्या गणिती गुळगुळीत आकारापासून, आणि आपण समुद्रसपाटी म्हणतो तो जिऑइड, जो गुरुत्वाकर्षणाने ठरतो. हिंदी महासागरात हा जिऑइड खूप खाली दबलाय, श्रीलंकेच्या दक्षिणेला तर शंभर मीटरच्या पुढे, मुंबईत साठ मीटरहून जास्त. हे एकदा डोक्यात बसलं की जिओडेसीचा अर्धा पेपर सोपा. साइटवर रोवरची (फिरत्या जीएनएसएस रिसिव्हरची) उंची तशीच ड्रॉइंगवर टाकली आणि नाल्याचा उतार उलटा आला, अशा गोष्टी मी डोळ्याने बघितल्यात.

दुसरं, यूटीएम, म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे (झोन) करून मीटरमध्ये जागा सांगायची पद्धत. मुंबई झोन ४३ मध्ये, क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये ईपीएसजी ३२६४३ हा कोड निवडायचा. आपला ईस्टिंग २ लाख ७०-८० हजारांच्या आसपास आणि नॉर्थिंग २१ लाखांच्या आजूबाजूला असतो, हे आकडे पाठच करा म्हणजे चुकून उलटे पडले तर लगेच डोळ्याला खटकतात. आणि मुंबई झोनच्या पश्चिमेच्या काठावर आहे, मधली रेषा ७५ अंशांवर, आपण ७२.८ ला, म्हणून इथे ग्रिडवरचं अंतर जमिनीवरच्यापेक्षा जास्त येतं, एका किलोमीटरला साधारण २३ सेंटिमीटर. टोटल स्टेशनने मोजलं १००० मीटर, जीपीएसच्या कोऑर्डिनेटवरून काढलं १०००.२३, आणि मग साइटवर दोन टीम एकमेकांची अक्कल काढतात. कोणीच चुकलेलं नसतं, फक्त स्केल फॅक्टर कोणी लावला नाही. तिसरं, जुने टोपोशीट, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे. मुंबईचा उपनगराचा भाग ४७ ए/१६ मध्ये आणि दक्षिणेचा ४७ बी/१३ मध्ये येतो. जुने शीट एव्हरेस्ट स्फेरॉइडवर (पृथ्वीचा जुना गणिती आकार) आहेत, ते डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएस वापरतं तो) समजून चिकटवले तर रस्ता बिल्डिंगमधून जातो.

रिमोट सेन्सिंग (उपग्रहाच्या फोटोंवरून अभ्यास) आणि जीआयएसबद्दल (कॉम्प्युटरवरचे नकाशे) थोडक्यात, कारण ते घरी बसून शिकता येतं. क्यूजीआयएस फुकट आहे, सेंटिनल-२ उपग्रहाच्या इमेज फुकट आहेत, १० मीटरचा पिक्सेल, लँडसॅट ३० मीटरचा. देहरादूनच्या आयआयआरएसचे ऑनलाइन कोर्स फुकट असतात आणि चांगले असतात, ते करा. फक्त प्रोजेक्टला 'मुंबईचं लँड यूज' असला अवाढव्य विषय घेऊ नका, शंभर जण करून गेलेत आणि सगळ्यांचं क्लासिफिकेशन सॉल्ट पॅन आणि पांढरे पत्रे यांच्यात गोंधळलंय. छोटं घ्या, ठाण्याच्या खाडीचं तिवर दोन वेगवेगळ्या वर्षी किती होतं ते, आणि इमेज घेताना भरती-ओहोटीची वेळ बघा, भरतीच्या इमेजमध्ये अर्धं तिवर पाण्यात असतं आणि तुम्ही लिहून मोकळे की जंगलतोड झाली. आणि निदान वीस ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन या. ऐरोलीच्या बाजूला चिखलात चप्पल जाते, बूट घाला.

ड्रोनचं वेड सगळ्यांना असतं. मुंबईत विमानतळाच्या हद्दीपासून ५ किलोमीटरपर्यंत रेड झोन, त्याच्या पुढेही परवानगीची भानगड, वर नेव्हीचा एरिया, त्यामुळे कॉलेजच्या गच्चीवरून उडवू असं म्हणणाऱ्या मित्राचा नाद सोडा. फोटोग्रामेट्री, म्हणजे फोटोंवरून मोजमाप, शिकायला ड्रोन लागतोच असं नाही, मोबाइलने एखाद्या पुतळ्याचे किंवा दगडी कमानीचे ७०-८० टक्के ओव्हरलॅप ठेवून फोटो काढा आणि फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये टाका, ओव्हरलॅप म्हणजे काय ते एका संध्याकाळी कळतं.

सर्व्हे कॅम्पबद्दल दोन शब्द. आमचा कर्जतजवळ होता. टोपी, फुल बाह्यांचा शर्ट, पाण्याच्या दोन बाटल्या, पेन्सिल एचबी नको टू-एच घ्या, घामाने फिसकटत नाही. खोडरबर घरी ठेवा, चुकलं की एक रेघ मारून वर लिहायचं, खोडलेलं फिल्डबुक कोर्टात पण चालत नाही आणि सरांकडे पण. पोरींनी पहिल्याच दिवशी टॉयलेट कुठे आहे हे सरांना स्पष्ट विचारावं, लाजून दिवसभर पाणी न पिता मेच्या उन्हात उभं राहिलं की चक्कर येते, आमच्यातल्या दोघींना आली होती. आणि रेल्वे स्टेशनवर उतरल्यावर स्टाफ आडवा धरून चालू नका, वर ओव्हरहेड वायर आहे म्हणून उभा पण करू नका, बंद करून पिशवीत.

नोकरी मिळते का? मिळते. या शहरात सतत काहीतरी खणलं जातंय, मेट्रोचा बोगदा खोदताना वरच्या जुन्या इमारती किती मिलीमीटर बसल्या हे बघायला भिंतींवर छोटे प्रिझम लावून रोज मोजत बसतात, ते काम सर्व्हेअरचंच. भूमी अभिलेखमध्ये भूकरमापकाची भरती निघते, सर्व्हे ऑफ इंडिया आहे, जीआयएसच्या कंपन्या आहेत जिथे एसीत बसून काम असतं. सॉफ्टवेअरची नावं रेझ्युमेत दहा-दहा लिहितात लोक, पण इंटरव्ह्यूत विचारतात भलतंच.

मला पहिल्या नोकरीच्या इंटरव्ह्यूला साइट ऑफिसच्या बाहेर नेलं, एक ऑटो लेव्हल हातात दिली आणि म्हणाले, हे मशीन बरोबर आहे का सांग. नशीब, की लॅबमध्ये दुपारी साडेतीनला जाऊन जाऊन टू पेग टेस्ट (लेव्हलची नजर आडवी आहे का ते तपासायची) हातात बसली होती. ६० मीटरवर दोन खुणा केल्या, बरोब्बर मध्ये मशीन लावलं, ए वर १.४१२, बी वर १.२८७, म्हणजे खरा फरक ०.१२५, मशीन कितीही वाकडं असलं तरी. मग मशीन उचलून ए च्या जवळ दोन-अडीच मीटरवर लावलं, ए वर १.५०३ वाचलं, म्हणजे बी वर १.३७८ यायला पाहिजे. आलं १.३८५. परत वाचलं, तिन्ही हेअर वाचल्या, परत १.३८५. मी म्हटलं, सर, ६० मीटरला ७ मिलीमीटर वर बघतंय, कॅलिब्रेशनला पाठवा. ते म्हणाले, माहितीये, कालच परत आलंय ते कॅलिब्रेशनवरून. सोमवारपासून ये.